आम्ही गुत्त्यात का गेलो?

गेल्या आषाढातील एका सोमवारी संध्याकाळी आम्ही बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेमागच्या गल्लीत असलेल्या देशी दारूच्या दुकानात गेलो आणि तेथे सुमारे सव्वा तास बसलो. आम्ही धर्मगुरुनिवासात परतण्यापूर्वीच ही वार्ता धर्मग्रामभर झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर दोन वडीलधारी माणसे थांबली. रविवारी धर्मग्राम समितीच्या बैठकीत हा प्रश्न ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून निघाला. आणि पंधरवड्याने एक निनावी पत्रही आले. सर्वांचा सूर एकच होता : फादर, हे शोभत नाही. एका हितचिंतकांनी तर असेही सुचविले, की ‘रुग्णभेटीसाठी गेलो होतो’ एवढे वेदीवरून सांगून टाकावे, म्हणजे विषय मिटेल.

विषय मिटावा अशी आमची इच्छा नाही. तो वाढावा म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

वसई-मुंबईकडील वाचकांसाठी प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठवाड्यात देशी दारूच्या दुकानाला गुत्ता म्हणतात. हा शब्द मुळात दारूचा नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता. शेजारच्या तेलुगू आणि कन्नड भाषांतही त्याचा हाच अर्थ आहे. आणि रस्त्याचे किंवा तलावाचे कंत्राट घेणाऱ्याला आमच्याकडे आजही गुत्तेदार म्हणतात. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. दारू आणि शिंदी विकण्याचा हक्क संस्थानात मक्त्याने दिला जाई, आणि त्या मक्त्याचे नाव दुकानाला चिकटले ते चिकटलेच. पिण्याच्या जागेला आमच्या लोकांनी जे नाव दिले ते पेयावरून पडले नाही, पिणाऱ्यांवरूनही पडले नाही. त्या जागेवर पैसा कोण मिळवितो, त्यावरून पडले. आम्हाला जे सांगावयाचे आहे त्याचा अर्धा भाग या एका शब्दात आला आहे.

आता आम्ही तेथे का गेलो ते सांगतो. पुण्याच्या गुरुविद्यालयात आमच्याबरोबर शिकलेले एक धर्मगुरू इंग्लंडमधील एका धर्मग्रामात काही वर्षे सेवा करून नुकतेच परतले. गप्पांच्या ओघात त्यांनी आपल्या चर्चमागील गल्लीतल्या एका जुन्या पबचे वर्णन केले. पब हा ‘पब्लिक हाऊस’चा संक्षेप, शब्दशः सार्वजनिक घर. दोन लहान खोल्या, झिजलेली लाकडी बाके, कोळशाची शेगडी, आणि तळघरात बिअरची पिंपे. या पिंपांतील बिअर बाटलीतल्यासारखी निर्जीव केलेली नसते. तिच्यातील किण्व जिवंत असते, पिंपातच ती मुरत राहते, आणि वायूचा दाब न देता हातपंपाने ती वर ओढतात. पिंप एकदा उघडले की थोड्याच दिवसांत संपवावे लागते. म्हणून ती लांब धाडता येत नाही. जेथे मुरते तेथेच, ओळखीच्या माणसांत, प्यावी लागते. मोठ्या कारखानदारांनी ही पद्धत मोडीत काढायला घेतली, तेव्हा १९७१ साली चौघा मित्रांनी तिच्या रक्षणासाठी एक संघटना काढली. आज तिचे लाखाहून अधिक सभासद आहेत.

आमचे मित्र आठवड्यातून एकदा तेथे एक पेला पुढ्यात घेऊन दोन तास बसत. पेन्शनर येत, गवंडी येत, विधुर येत. त्या दोन तासांत जेवढी माणसे आपले मन मोकळे करीत, तेवढी पापनिवेदनासाठी महिन्याभरात येत नसत, असे ते म्हणाले. ऐकून आम्हाला किंचित मत्सर वाटला, हे कबूल केले पाहिजे.

त्याच आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एक बाई संध्याकाळी निवासावर आली. नवरा रोज गुत्त्यावर असतो. पोराच्या शाळेचे पैसे गेले, आता घरातली भांडी चालली आहेत. आम्ही नेहमीप्रमाणे ऐकून घेतले आणि नेहमीप्रमाणे ‘प्रार्थना करू’ म्हणालो. ती उठली नाही. म्हणाली, “फादर, परार्थना मीबी करते. तुमी एकदा जाऊन बघा तरी, काय हाय तिथं ते.”

तीस वर्षे आम्ही दारूवर प्रवचने देत आहोत. उपवासकाळात तर दरवर्षी एक ठरलेले. ‘तुमी जाऊन बघा’ असे आम्हाला आजवर कोणी म्हणाले नव्हते, आणि आम्हालाही ते कधी सुचले नव्हते.

मित्राच्या वर्णनाचा पब डोळ्यांपुढे ठेवून जो कोणी गुत्त्यात जाईल त्याचा पहिल्या क्षणी भ्रमनिरास होईल. पत्र्याचे छत, समोर लोखंडी जाळी, जाळीला हात आत जाईल एवढी खिडकी. नियमानुसार लावलेली परवान्याची पाटी. आत १८० आणि ९० मिलिलिटरच्या बाटल्यांचे खोके. बाहेर हातगाडीवर उकडलेली अंडी, फुटाणे, खारे शेंगदाणे. बसावयास काही नाही. माणसे येत होती, खिडकीत पैसे सरकवीत होती, बाटली घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहत होती. औषध घ्यावे तशी ती डोळे मिटून घेत आणि हाताच्या पालथीने तोंड पुसून निघून जात. बाटली हाती आल्यापासून ती रिकामी होऊन पोत्यात पडेपर्यंत बहुतेकांना पाच मिनिटेही लागत नव्हती. आम्हाला सर्वांत अधिक खटकली ती शांतता. चाळीस-पन्नास माणसे येऊन गेली. एकाने दुसऱ्याला नावाने हाक मारलेली आम्ही ऐकली नाही.

ज्यांच्यासाठी गेलो होतो ते गृहस्थ आम्हाला पाहताच बाटली शर्टाखाली दडवू लागले. मग कोणीतरी एक रिकामे खोके पालथे घालून दिले, त्यावर आम्ही बसलो. ते शेजारी उकिडवे बसले. “फादर, तुमी हितं नका बसू. लोक नावं ठेवतेल,” म्हणाले. आम्ही विचारले, तुम्ही येथे का येता? बराच वेळ ते बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “घरी बसलं की मुकादम येतो. उचल फिटली न्हाई गेल्या साली. हितं कुनी काय इचारीत न्हाई.” आणि थोड्या वेळाने, आरोपाचा सूर न काढता : “एकदा चर्चमदी येऊन बसावं म्हनलं. कुलूप व्हतं. तुमचं दार सातला बंद व्हतं, फादर. ह्यांचं धाला.”

या वाक्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

हातगाडीवर फुटाणे विकणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. आम्ही बसलेले पाहून त्यांना जुने दिवस आठवले. लहानपणी ते वडिलांबरोबर शिंदीच्या दुकानावर जात. आमच्या भागातील ओढ्यानाल्यांच्या काठी शिंदीची झाडे असत. हिवाळ्यात झाडाच्या शेंड्याखाली छेद घेऊन मडके बांधावयाचे. रात्रभर रस ठिबके. पहाटे उतरविलेली ती गोड नीरा. ऊन चढले की ती आपोआप आंबू लागे. दुपारपर्यंत तिची शिंदी होई, आणि दुसऱ्या दिवशी ती तोंडात घेववत नसे. किण्व कोणी घालीत नसे; ते हवेत आणि मडक्यातच असे. तिच्यात मद्यार्क चार-पाच टक्के, म्हणजे इंग्लंडच्या त्या पिंपातील बिअरएवढाच. तीही साठविता येत नसे, लांब नेता येत नसे. झाडापासून कोस-दोन कोसांत, त्याच दिवशी, बसून प्यावी लागे. “तवा मडक्याभोवती चटया टाकून बसत,” आजोबा म्हणाले. “आता उभ्यानं.”

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. गेलेल्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. शिंदीच्या मक्त्यावर निजामाची तिजोरी भरत होती. म्हणूनच १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. सरकारचा महसूल बुडविणे हा त्याचा उघड उद्देश होता. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आमच्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला शिक्षक होते. ती कुऱ्हाड योग्य ठिकाणी पडली, असेच आम्ही म्हणू. शिवाय चटयांवर बसलेल्यांच्या आठवणी आम्हाला ऐकावयास मिळतात. घरी वाट पाहणाऱ्या बायकांच्या आठवणी त्या वेळी कोणी विचारल्या नाहीत. आणि आज ताडी-शिंदीच्या नावाखाली अनेक ठिकाणी जे विकले जाते त्यात झाडाचा रस कमी आणि क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे रसायनच अधिक असते. तेव्हा शिंदी परत आणा, असे आमचे मागणे नाही.

आमचा प्रश्न निराळा आहे. झाडे तोडणाऱ्यांनी मक्ता मोडावा म्हणून कुऱ्हाड घातली. त्यानंतर झाड गेले, मडके गेले, चटई गेली. मक्ता मात्र राहिला. हे कसे झाले?

मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ साली हा कायदा आमच्याकडेही लागू झाला. पुढे बंदी सैल होत गेली. १९७३ साली महाराष्ट्र देशी दारू नियम झाले आणि देशी दारूची परवानाधारक दुकाने त्यांखाली चालू लागली. गंमत अशी, की हे सर्व आजही दारूबंदीच्याच कायद्याखाली चालते. दारू गाळण्याचा परवाना, विकण्याचा परवाना, इतकेच नव्हे तर पिणाऱ्याने घ्यावयाचा परवानाही त्याच कायद्याचा. देशी पिणाऱ्यासाठी एका दिवसाच्या परवान्याचे शुल्क दोन रुपये ठरविलेले आहे. आमच्या सव्वा तासात तो मागताना किंवा देताना आम्ही कोणाला पाहिले नाही. संविधानाचे ४७ वे कलम राज्याला दारूबंदीचा प्रयत्न करावयास सांगते. राज्याने कायद्याच्या नावात तो केला आहे.

आणि या कायद्याने गरिबाच्या हाती दिले काय? ४२.८ टक्के मद्यार्काची, सीलबंद, वर्षानुवर्षे न नासणारी बाटली. जिला बसण्याची गरज नाही, ओळखीची गरज नाही, ऋतूची गरज नाही. शिंदीच्या आठ-दहापट तीव्र. जिन या कडक दारूने लंडनची गरीब वस्ती उद्ध्वस्त होऊ लागली, तेव्हा इंग्लंडच्या पार्लमेंटने १७५१ साली तिच्यावर निर्बंध घातले. १८३० साली तर सौम्य बिअर विकण्याचा परवाना मुद्दाम सुलभ केला, लोकांनी कडक दारू सोडावी म्हणून. त्यातूनही दारूबाजी वाढली असे म्हणणारे तेथे होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु दारू आणि दारू यांत फरक असतो, पिणे आणि पिणे यांतही फरक असतो, एवढे तरी त्या सरकारला उमगले होते. आमच्या सरकारने नेमकी उलट वाट धरली. सौम्य होते ते गेले आणि कडक होते ते अधिकृत झाले, कारण कडक बाटली मोजता येते, तिच्यावर शुल्क बसविता येते आणि ती ट्रकमध्ये भरता येते. मडक्याचा हिशेब ठेवणे अवघड.

फरक केला जातो तो पिणाऱ्याच्या ऐपतीनुसार. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली तेथील सरकारने तिला वारशाचा मान दिला, चांगले झाले. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि द्राक्ष-शेतकऱ्याचे हित हे कारण दिले. विरोधामुळे तो लांबणीवर पडला. त्या चर्चेत वाइनची चव, परंपरा, आरोग्य यांवर किती लिहिले गेले! ऐपतदाराच्या पेल्याला संस्कृती म्हणावयाचे आणि गरिबाच्या बाटलीला व्यसन, हा या कायद्याचा अलिखित नियम आहे.

बीडच्या वाचकाला याहून कडू गोष्ट ठाऊक आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातील माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आगाऊ उचल देतो. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. तोडलेल्या उसाची साखर होते आणि साखरेमागे मळी उरते. त्या मळीचा मद्यार्क होतो आणि त्या मद्यार्काची देशी दारू. आमच्या धर्मग्रामातील माणूस हिवाळाभर थंडीत ज्याच्यावर कोयता चालवितो, तो ऊस पावसाळ्यात नारंगी वासाच्या बाटलीतून त्याच्याकडे परत येतो, आणि उचलीतले उरलेसुरले घेऊन जातो. कारखान्याला त्यात लाभ, दुकानदाराला लाभ, सरकारी तिजोरीला लाभ. एवढ्या मोठ्या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला उभा असलेला, सर्वांत दुबळा माणूस निवडून आपण उपवासकाळात त्याच्यावर प्रवचन देतो. ‘आपण’ म्हणताना आम्ही स्वतःला प्रथम धरले आहे.

आता आमच्यावरील आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा, की धर्मगुरूला गुत्त्यात पाहून श्रद्धावंतांना अडखळण होते. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला अडखळणीचे दोन प्रकार शिकविले होते. एक दुर्बलांची अडखळण : आपल्या कृत्याने कच्च्या श्रद्धेचा माणूस पापाकडे ओढला जातो, ती टाळणे हे कर्तव्य. दुसरी परुश्यांची अडखळण : पाहणाऱ्याला मोह होत नाही, त्याला केवळ बोट दाखविण्याची संधी मिळते, तिची भीड धरू नये. आम्हाला पाहून त्या दिवशी गुत्त्यात कोणी नव्याने प्यावयास शिकला काय? उलट एका माणसाने बाटली लपविली. खुद्द आपल्या प्रभूला त्याच्या विरोधकांनी खादाड आणि दारूबाज ठरविले होते, ते तो कोणाच्या पंक्तीला बसतो हे पाहून. त्याचा पहिला चमत्कार लग्नघरी, सहा दगडी रांजणांच्या शेजारी घडला. आम्ही रोज सकाळी वेदीवर द्राक्षारस हाती घेतो. पेयाची भीती बाळगणारा आमचा धर्म नाही. ज्या पंक्तीतून कोणी उठवून लावला गेला असेल त्या पंक्तीची त्याला चिंता असावी.

दुसरा आक्षेप : धर्मगुरूने दारूबंदीची मागणी करावी, गुत्त्यात बसू नये. बंदीला आमचा विरोध नाही. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली लोकचळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. तेथील स्त्रियांचा लढा आम्ही आदराने मानतो. परंतु चंद्रपूरला २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली सरकारनेच उठविली. दुसरीकडे, मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती दुकाने उघडी असताना. स्वस्तातली बाटलीही ज्याला परवडत नाही तो कोठे जातो, हे त्या घटनेने दाखविले. कायदा दुकान बंद करू शकतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात माणसाने कोठे बसावे, हे कायदा सांगत नाही. आणि ते सांगणे हे आपले काम होते.

बंदीची कळकळ असणाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात प्रथम एका गोष्टीसाठी आवाज उठवावा. गावातील पंचवीस टक्के स्त्रियांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान होते. उभी बाटली की आडवी बाटली. मात्र आडव्या बाटलीला मतदानास आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. आमदार निवडून येण्यासाठी एवढी अट नाही. आता विचार करा : ज्या गावची माणसे वर्षातील पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर असतात तेथे हिवाळ्यात असे मतदान झाले, तर यादीत नाव असलेली, पण फडात मोळ्या बांधणारी प्रत्येक स्त्री न विचारता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. ही अट बदला, निदान हंगामात हे मतदान घेऊ नका, असा ठराव किती धर्मग्राम समित्यांनी केला आहे? आमच्या समितीने केलेला नाही. तिने आमच्या गुत्त्यातील सव्वा तासावर मात्र पाऊण तास चर्चा केली.

तिसरा आक्षेप मवाळ आहे, म्हणून अधिक कठीण : फादर, एकदा जाऊन काय साधले? हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. आयर्लंडमधील कॅप्युचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १० एप्रिल १८३८ रोजी कॉर्क शहरात दारू न पिण्याची शपथ स्वतः घेतली आणि पुढे लाखो लोकांनी ती त्यांच्या पाठोपाठ घेतली. आपल्याकडे शपथेची गोष्ट सांगतात. त्या चळवळीने गावोगाव वाचनालये, सभागृहे आणि वाद्यवृंद उभे केले, ही अर्धी गोष्ट सांगत नाहीत. त्यांनी माणसाच्या हातून पेला काढून घेतला तेव्हा दुसऱ्या हातात काहीतरी दिले. डब्लिनचे मजूर मॅट टॅलबट यांनी १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी दारू सोडली. संध्याकाळी पाय जुन्या वाटेने वळत, तेव्हा ते चर्चमध्ये जाऊन बसत. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना पूजनीय म्हणून घोषित केले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सर्व किमया तरी कशात आहे? एक खोली, काही खुर्च्या, चहा, आणि ‘तू का पितोस’ असे न विचारणारी, स्वतः पिऊन पोळलेली माणसे.

मॅट टॅलबट आमच्या धर्मग्रामात राहत असते तर? संध्याकाळी साडेसात वाजता ते चर्चच्या दारी आले असते. कुलूप पाहून परत फिरले असते, आणि कोठे गेले असते हे सांगावयास नको.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : गुत्त्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. जो गुत्त्यातील माणसाला दुसरी बसावयाची जागा देईल, त्याने बोलावे. सरकारने बसणे काढून घेऊन बाटली दिली. आपण बाटली काढून घेऊ म्हणतो, परंतु बसावयास काय देतो? रविवारी सकाळी दीड तासाचे बाक, तेही नीट कपडे असतील तर. आमच्या मित्राच्या गल्लीतील पबवाल्याला जे कळते ते आम्हाला तीस वर्षांत कळले नाही : दमलेल्या माणसाला संध्याकाळी प्रकाश हवा, बाक हवे, आणि मुकादमाचा हिशेब न विचारणारा शेजारी हवा. त्यासाठी तो ४२.८ टक्क्यांची बाटलीही सहन करतो.

भाद्रपदापासून आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहाचे दार रात्री दहापर्यंत उघडे ठेवतो. चहा असतो, कॅरम असतो, वर्तमानपत्रे असतात. प्रवचन नसते, ते न देणे हे आमच्यासाठी चहापेक्षा महाग पडते. पहिल्या दिवशी तिघे आले. त्यांतला एक पिऊन आला होता; त्यालाही चहा दिला. ज्या गृहस्थांमुळे हे सुचले ते आठवड्यातून तीन-चार दिवस येतात; उरलेल्या दिवशी कोठे असतात ते आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांच्या पत्नीलाही. आमच्या हातून चमत्कार झालेला नाही. तिने परवा एवढेच सांगितले, की आता तिला कळते की कोणत्या दिवशी स्वयंपाक दोघांचा करावा.

समितीतील काहींनी विजेच्या बिलाचा प्रश्न काढला आहे. काहींना दानपेटीची काळजी आहे. रात्री ‘तसली’ माणसे आवारात येतात म्हणून एक तक्रार महागुरुस्वामींकडेही गेल्याचे ऐकतो. या सर्वांना उत्तर द्यावयाचे तर आम्हाला पुन्हा एक लेख लिहावा लागेल. त्यापेक्षा सोपा उपाय सुचवितो. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे माणसे कमी पडतात. म्हणजे येणाऱ्यांशी बोलावयास बसणारी माणसे. ज्यांना आमचे गुत्त्यात बसणे खटकले त्यांनी त्यांतला एक दिवस घ्यावा. सातला यावे. दार उघडेच असते.